यादी कुणाच्या हातात? ॲडब्लॉकर आणि जाहिरातींवर जगणारी संकेतस्थळं

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या रोजच्या अनुभवातला आहे. बातमी वाचायला जावं, पान उघडावं, आणि मधोमध पाटी यावी: तुम्ही ॲडब्लॉकर वापरताय असं दिसतं, कृपया बंद करा, आमचं काम जाहिरातींवर चालतं. काही जण निमूटपणे बंद करतात. काही जण पान मिटून दुसरीकडे जातात. आणि या सभागृहातल्या तरुण मंडळींना ती पाटीसुद्धा गायब करायची युक्ती ठाऊक असणार. (हशा)

हा इतिहास सहसा वाचक विरुद्ध प्रकाशक असा सांगतात. म्हणजे एका बाजूला फुकटे वाचक आणि दुसऱ्या बाजूला उपाशी संपादक. किंवा उलट बाजूने सांगायचं तर एकीकडे त्रासलेले वाचक आणि दुसरीकडे हावरट कंपन्या. मला ही मांडणी अपुरी वाटते. या भांडणात वाचकालाही फारसं मिळालं नाही आणि प्रकाशकालाही नाही. पानावर काय दिसू द्यायचं आणि काय अडवायचं याची यादी ज्याच्या हातात गेली, त्याला मिळालं. आपल्याकडे जकात नाका असे, तसा नाका त्याला टाकता आला. हे कसं घडलं ते मी मुख्यतः जर्मनीतल्या एका खटल्याच्या आधारे सांगणार आहे. पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

३ सप्टेंबर १८३३ ला न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या मुद्रकाने ‘द सन’ हे दैनिक एका सेंटला विकायला काढलं. शहरातली इतर दैनिकं तेव्हा साधारण सहा सेंटला मिळत. एका सेंटात कागदाचाही खर्च निघणं कठीण, उरलेला भार जाहिरातींनी उचलला. पुढची दीडशे वर्षं जगभरची वृत्तपत्रं कमीअधिक प्रमाणात याच हिशोबावर चालली. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. छापील पेपरात जाहिरात आणि बातमी एकाच छापखान्यात, एकाच शाईने, एकाच कागदावर छापली जाते. जाहिरात आधी कार्यालयात येते, कुणीतरी ती वाचतं, नको असेल तर परत करतं. आणि वाचकाने ती वाचली की नाही, हे जाहिरातदाराला कळायचा काही मार्ग नसतो.

इंटरनेटवरची पहिली मोठी बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ ला आली. ‘वायर्ड’ मासिकाच्या ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची ४६८ बाय ६० पिक्सेलची पट्टी होती ती. ती पाहणाऱ्या शंभरातल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं असं सांगतात. आज शंभरात एकाने केलं तरी जाहिरातवाले पेढे वाटतील. पट्टी नवी होती, लोकांना कुतूहल होतं, इतकंच.

कुतूहल फार टिकलं नाही. १९९६ मध्येच अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या काही विद्यार्थ्यांनी प्रिव्हनेट नावाची कंपनी काढून ‘इंटरनेट फास्ट फॉरवर्ड’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. पानावरच्या जाहिराती काढून टाकणं हेच त्याचं काम. म्हणजे पहिली जाहिरात आणि पहिला ॲडब्लॉकर यांच्यात जेमतेम दोन वर्षांचं अंतर आहे. हल्लीच्या पिढीला फुकटची सवय लागली म्हणून ॲडब्लॉकर आले, असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख बघावी.

त्यानंतर आला पॉप-अप. त्याची गोष्ट मजेशीर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ट्रायपॉड नावाची कंपनी होती, लोकांना स्वतःची पानं बनवायला फुकट जागा द्यायची. एका मोटार कंपनीची जाहिरात तिथल्या कुणाच्या तरी अश्लील पानावर झळकली आणि मोटारवाले खवळले. तेव्हा ईथन झुकरमन या तिथल्या कर्मचाऱ्याने तोडगा काढला की जाहिरात पानावर नकोच, वेगळ्या खिडकीत उघडू. हेतू जाहिरातदाराची अब्रू वाचवण्याचा होता. पण तोडगा निघाला आणि जगभरच्या पडद्यांवर खिडक्यांवर खिडक्या उघडायला लागल्या. झुकरमन पुढे माध्यमांचे अभ्यासक झाले आणि २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून त्यांनी याबद्दल जाहीर माफी मागितली. पॉप-अपवर उपाय ब्राउझरवाल्यांनीच केला. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा मोठा अपडेट आला, त्यात इंटरनेट एक्सप्लोररने पॉप-अप आपणहून अडवायला सुरुवात केली. कुणी कोर्टात गेलं नाही, पॉप-अपसाठी कुणी गळा काढला नाही. ब्राउझर बनवणारी कंपनी ठरवेल ते अडेल, हा पायंडा मात्र तिथे पडला. त्या वेळी ते कुणाला खटकलंही नाही.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. आपण म्हणतो ‘पान उघडलं’. प्रत्यक्षात संकेतस्थळाकडून सुरुवातीला येते ती एक संहिता. त्यात मजकूर असतो आणि सूचना असतात: हे चित्र इथून आणा, अक्षरांचा आकार तिथून घ्या, आणि या चौकोनात काय दाखवायचं ते अमुक कंपनीच्या सर्व्हरला विचारा. या सूचना पाळतो तुमचा ब्राउझर, तुमच्या यंत्रावर, तुमच्या डेटावर. जाहिरातीचा चौकोन संपादकाकडून भरून येत नाही. तुम्ही पान उघडता त्या क्षणी तो चौकोन लिलावात जातो, तुम्ही कोण, कुठले, काल काय शोधत होतात याच्या माहितीसह. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात येते. संपादकाने ती पाहिलेली नसते. मघाशी म्हटलं ते छापखान्याचं नातं इथे तुटलं. आणि पेपरवाल्याला जे कधीच कळत नव्हतं, वाचकाने जाहिरात पाहिली की नाही, ते इथे कळतं. तिथेच थांबत नाही, वाचक पुढे कुठे गेला हेही कळतं.

याचा परिणाम काय होतो? सप्टेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर व्होनेज या फोन कंपनीच्या नावाने कुणीतरी जागा घेतली. काही दिवस साध्या जाहिराती दिल्या आणि शनिवार-रविवार गाठून त्या जागी ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशी खोटी खिडकी सुरू केली. तीही इतक्या नामांकित पेपरच्या पानावर! अशा प्रकारांना पुढे स्वतंत्र नावच पडलं, मालव्हर्टायझिंग. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना फसव्या जाहिरातींपासून सावध केलं, त्यात ॲडब्लॉकर वापरण्याचा सल्लाही दिला. पोलीसच सल्ला देतात म्हटल्यावर त्याला निव्वळ फुकटेपणा म्हणणं अवघड जातं.

ॲडब्लॉकर करतो काय, तर मघाच्या त्या सूचनांपैकी काही पाळू नका असं ब्राउझरला सांगतो. ‘अमुक सर्व्हरला विचारा’ अशी ओळ आली की तो आपली यादी बघतो, नाव यादीत असलं की निरोपच पाठवत नाही. शिवाय रिकामा राहिलेला चौकोन झाकून टाकतो. सॉफ्टवेअर त्या मानाने साधं आहे, सगळी किमया यादीत.

२००२ मध्ये कोपनहेगनचा एक विद्यार्थी, हेन्रिक ओस्टेड सोरेन्सन, परीक्षेचा अभ्यास टाळत बसला होता. त्या वेळात त्याने मोझिला ब्राउझरसाठी ‘ॲडब्लॉक’ लिहिलं. पुढे हे काम इतरांनी चालवलं आणि २००६ मध्ये जर्मनीत राहणाऱ्या व्लादिमिर पालांत या प्रोग्रॅमरने ते नव्याने लिहून ‘ॲडब्लॉक प्लस’ आणलं. यादीचं काम रिक पेटनेल नावाच्या गृहस्थांनी सुरू केलं होतं. तिचं नाव ‘ईझीलिस्ट’. सुरुवातीची काही वर्षं ही सगळी हौशी मंडळी, बिनपैशाची. कुणी कळवायचं की या संकेतस्थळावर नवी जाहिरात दिसतेय, मग यादीत एक ओळ वाढायची. गावातल्या वाचनालयाचं काम चालतं ना, तसं. ईझीलिस्ट आजही स्वयंसेवकच सांभाळतात आणि बहुतेक सगळे ॲडब्लॉकर तिच्याच आधारावर उभे आहेत.

प्रकाशकांच्या बाजूने पहिला प्रामाणिक प्रयोग मला वाटतो तो ‘आर्स टेक्निका’चा. तंत्रज्ञानावर लिहिणारं अमेरिकन संकेतस्थळ, वाचक सगळे जाणकार. मार्च २०१० मध्ये त्यांनी बारा तासांसाठी असं केलं की ज्याच्याकडे ॲडब्लॉकर आहे त्याला लेखच दिसणार नाहीत. सूचना काही दिली नव्हती. वाचकांना वाटलं संकेतस्थळ बिघडलं. दुसऱ्या दिवशी संपादक केन फिशर यांनी लेख लिहून उलगडा केला. त्यांनी हॉटेलचा दाखला दिला: जेवायला येणाऱ्यांपैकी चाळीस टक्के लोक पैसे न देता उठून जात असतील तर हॉटेल कसं चालेल? शिवाय एक गैरसमज त्यांनी दूर केला. मी जाहिरातीवर कधी क्लिक करतच नाही, मग अडवली तर तुमचं काय नुकसान, असं लोक म्हणत. फिशर यांनी सांगितलं की बहुतेक जाहिरातींचे पैसे क्लिकवर नाही, नुसत्या दिसण्यावर मिळतात. वाचक चिडले, पण अनेकांनी आर्सला आपल्या यादीतून वगळलंही, म्हणजे तिथल्या जाहिराती दिसू दिल्या. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की बोलणं थेट झालं. संपादक वाचकाशी बोलला, वाचकाने ऐकलं किंवा नाही ऐकलं. मध्ये कुणी नव्हतं.

मधला माणूस पुढच्याच वर्षी आला. २०११ मध्ये पालांत आणि टिल फायडा यांनी कोलोन शहरात ‘आयओ’ नावाची कंपनी काढली, ॲडब्लॉक प्लस तिच्याकडे गेलं. त्याच डिसेंबरात त्यांनी ‘स्वीकारार्ह जाहिराती’ नावाची योजना जाहीर केली. सगळ्याच जाहिराती वाईट नसतात. हलणाऱ्या, आवाज करणाऱ्या, मजकूर झाकणाऱ्या जाहिराती अडवू, शांतपणे बाजूला बसणाऱ्या सोडू. त्यासाठी दुसरी यादी, सोडायच्या जाहिरातींची. ही मूळ स्थितीत चालूच असणार, कुणाला नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. कल्पना वाईट नाही. उलट मी म्हणेन की तोवर सुचलेल्या सगळ्या तोडग्यांमध्ये ती शहाणपणाची होती.

पण मग खर्चाचा प्रश्न आला. लहान संकेतस्थळांना फुकट, मोठ्यांना शुल्क. मोठे म्हणजे कोण, तर या सवलतीमुळे ज्यांच्या जाहिराती महिन्याला एक कोटीपेक्षा जास्त वेळा ज्यादा दिसतात ते. त्यांनी वाढलेल्या उत्पन्नातले साधारण तीस टक्के आयओला द्यायचे. नव्वद टक्के सहभागींना काही द्यावं लागत नाही, असं कंपनी सांगत आली आणि त्यात खोटं काही नसावं. पण उरलेल्या दहा टक्क्यांत कोण होतं? २०१५ च्या सुरुवातीला ‘फायनान्शियल टाइम्स’ने बातमी दिली की गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन पैसे देतात. म्हणजे ज्यांच्या जाहिरातयंत्रणेला कंटाळून लोकांनी ॲडब्लॉकर घेतला, त्यांना मागच्या दाराने वाट होती. दार रुंद होतं आणि त्यावर दर लिहिलेला होता. २०१६ पर्यंत ॲडब्लॉक प्लसने दहा कोटी वापरकर्ते झाल्याचं जाहीर केलं. दहा कोटी लोकांच्या डोळ्यांसमोर काय यावं याची यादी, आणि त्या यादीत यायला पैसे. नाका म्हणतात तो याला.

जर्मन प्रकाशक कोर्टात गेले. हॅम्बुर्गला ‘झाइट’ आणि ‘हांडेल्सब्लाट’ हरले, म्युनिकला दूरचित्रवाहिन्या हरल्या, पुढे ‘झ्युडडॉइच’सुद्धा हरलं. सगळ्यात चिवट निघाला तो ॲक्सेल स्प्रिंगर, ‘बिल्ड’ या प्रचंड खपाच्या दैनिकाचा मालक समूह. त्याने दोन आघाड्या उघडल्या. एक संकेतस्थळावर: १३ ऑक्टोबर २०१५ पासून ‘बिल्ड’ने ॲडब्लॉकर असलेल्यांना बाहेर ठेवलं. एकतर तो बंद करा, नाहीतर महिन्याला २.९९ युरो भरून कमी जाहिरातींची आवृत्ती घ्या. स्प्रिंगरने नंतर सांगितलं की ॲडब्लॉकरवाल्यांचं प्रमाण तेवीस टक्क्यांवरून दहाच्या खाली आलं. म्हणजे पाटी लावल्याने काम झालं होतं! तरीही दुसरी आघाडी, कोर्टाची, चालूच राहिली.

कोर्टातला मुद्दा नीट समजून घेऊ. स्प्रिंगरचं म्हणणं, आयओ आमच्या धंद्यात जाणूनबुजून अडथळा आणते आणि अडथळा काढायचे पैसे मागते. साध्या भाषेत, ही खंडणी आहे. कोलोनच्या वरिष्ठ न्यायालयाने जून २०१६ मध्ये यातलं अर्धं मान्य केलं. जाहिरात अडवणं चालेल, पण पैसे घेऊन सोडणं हे आक्रमक व्यापारी वर्तन आहे, ते बंद करा. मला विचाराल तर हा निकाल फार बारकाईने विचार केलेला होता. वाचकाचा अधिकार एका बाजूला आणि नाक्याचा धंदा दुसऱ्या बाजूला, असं त्याने वेगळं काढून दाखवलं. तो टिकला नाही.

टिकला नाही त्यामागे एक जुना खटला होता, तोही टीव्हीचा. जर्मनीत एका कंपनीने ‘फर्नझेफे’ म्हणजे ‘टीव्हीची परी’ नावाची पेटी विकायला काढली होती. जाहिरात सुरू झाली की ही परी आपोआप चॅनेल बदलायची आणि संपली की परत आणायची. आरटीएल वाहिनीने दावा लावला. जून २००४ मध्ये कार्ल्सरूहेच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की प्रेक्षकाने काय बघावं हे प्रेक्षक ठरवेल, पेटी विकणं बेकायदेशीर नाही. अमेरिकेत याच सुमारास उलटं वारं होतं. जाहिरात आपोआप गाळणारा ‘रिप्लेटीव्ही’ बनवणाऱ्या कंपनीवर हॉलिवूडचे स्टुडिओ आणि वाहिन्या तुटून पडल्या आणि २००३ मध्ये तिने दिवाळं काढलं. टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केल्नर यांनी २००२ मध्ये एका मुलाखतीत जाहिरात टाळणं ही चोरीच आहे, असं सांगितलं. मग जाहिरात लागल्यावर माणूस उठून स्वच्छतागृहात गेला तर? तेवढं थोडंफार चालवून घेऊ, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ. (हशा)

तर १९ एप्रिल २०१८. कार्ल्सरूहेचं तेच न्यायालय. निकाल पूर्णपणे आयओच्या बाजूने. न्यायाधीशांनी म्हटलं, ॲडब्लॉकर बसवायचा की नाही हे वापरणारा स्वतः ठरवतो. आयओ प्रकाशकाच्या सर्व्हरला हात लावत नाही. आणि प्रकाशक हतबलही नाही, तो ॲडब्लॉकरवाल्यांना बाहेर ठेवू शकतो. पैसे घेऊन सोडण्यालाही न्यायालयाने आक्रमक वर्तन मानलं नाही. स्प्रिंगरने ‘बिल्ड’वर पाटी लावून जी स्वतःची ताकद दाखवली होती, त्याच प्रकारचा उपाय कोर्टाने त्यांना दाखवला.

निकालाचा पहिला भाग मला पटतो. यंत्र माझं, ब्राउझर माझा, कुठल्या सर्व्हरला निरोप पाठवायचा हे मी ठरवणार. दुसऱ्या भागाबद्दल माझी शंका कायम आहे. वापरणारा ठरवतो हे ‘बसवायचा की नाही’ इतक्यापुरतं खरं. आत बसलेल्या यादीत गूगल आहे की नाही, हे किती जणांनी ठरवलं होतं? मूळ स्थितीत चालू ठेवलेली गोष्ट बहुतेक लोक कधी बंद करत नाहीत, आणि योजनेचं सगळं उत्पन्न त्या सवयीवरच उभं होतं. योजनेचे निकष ठरवायला २०१७ मध्ये स्वतंत्र समिती नेमली गेली, हे नोंदवायला हवं. वसुली मात्र कंपनीकडेच राहिली.

याच्या अगदी उलट वागलेला एक माणूस आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलने आयफोनच्या ब्राउझरमध्ये ॲडब्लॉकरला परवानगी दिली. मार्को आर्मेंट या प्रोग्रॅमरचं ‘पीस’ हे ॲप लगेच विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेलं. दोन दिवसांत त्याने ते स्वतःहून मागे घेतलं. त्याचं स्पष्टीकरण असं की याचा फायदा पुष्कळांना होतो, पण ज्यांनी काही वाईट केलेलं नाही अशांनाही फटका बसतो, आणि काय अडवावं याचा निवाडा करणारा माणूस मी होऊ इच्छित नाही. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा. पण यादी हातात असणं म्हणजे काय, हे ज्यांना कळलं त्यांत तो एक होता. कॅनडातला रेमंड हिल दुसरा. त्याचं ‘यूब्लॉक ओरिजिन’ आजवर कुणाकडून पैसे घेत नाही, देणगीसुद्धा नाही.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं होतं. पेजफेअर या संस्थेच्या २०१६ च्या अहवालात भारतात मोबाइलवर जाहिराती अडवणाऱ्यांची संख्या सुमारे १२ कोटी दिली होती. यांतले फार थोडे लोक खासगीपणाचा विचार करून तिकडे गेले असतील. तो काळ आठवा, जिओ यायच्या आधीचा. डेटाचा एकेक एमबी मोजून वापरायचो आपण. यूसी ब्राउझरसारखे ब्राउझर पान आवळून द्यायचे, जाहिराती गाळायचे, म्हणून लोकप्रिय होते. जाहिरात बघायची तर तिच्या वाहतुकीचा खर्चही बघणाऱ्यानेच करायचा, हा हिशोब गरिबाला आधी कळतो. त्याच वर्षी आपल्याकडच्या काही मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रांनी ॲडब्लॉकरवाल्यांसाठी पाट्या लावायला सुरुवात केली. मराठी संकेतस्थळांचं दुखणं त्याच्याही आधीचं होतं. २०१८ पर्यंत गूगलच्या ॲडसेन्स योजनेत मराठी भाषाच नव्हती. म्हणजे मराठीत मन लावून लिहिणाऱ्या लहान संकेतस्थळाला ॲडब्लॉकरने बुडवायचा प्रश्नच नव्हता, जाहिरातीच्या नाक्यावर त्याला उभंच करत नव्हते. पर्याय काय, तर पदरमोड.

आता गूगल. हे नाव मी मघापासून जरा जपून घेतोय, कारण ते या गोष्टीत एकाच वेळी चार जागी उभं आहे. जाहिरात विकणारं, लिलावाचा बाजार चालवणारं, ॲडब्लॉक प्लसला पैसे देणारं, आणि जगातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा ब्राउझर बनवणारं. २००७ मध्ये त्यांनी डबलक्लिक ही कंपनी ३.१ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं, तेव्हाच लिलावाचा बाजार त्यांच्या घरात आला. १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोमने स्वतःच फार त्रासदायक जाहिराती अडवायला सुरुवात केली. कुठल्या त्रासदायक, हे एका उद्योगसंघटनेने ठरवलं, आणि त्या संघटनेत गूगल आहे. मग क्रोममध्ये जोडल्या जाणाऱ्या लहान प्रोग्रॅमसाठी, म्हणजे एक्स्टेन्शनसाठी, नवे नियम आले. त्यांचं नाव मॅनिफेस्ट व्ही ३. पूर्वी ॲडब्लॉकर प्रत्येक निरोप स्वतः तपासून अडवू शकत असे. आता त्याने आपली यादी आधी ब्राउझरकडे जमा करायची, मर्यादित ओळींची, आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. कारण सुरक्षेचं दिलं गेलं, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं, कारण एक्स्टेन्शनच्या नावाखाली माहिती चोरणारे पुष्कळ होते. परिणाम मात्र असा की २०२४ च्या शेवटापासून यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये बंद पडू लागलं. त्याची हलकी आवृत्ती चालते, फायरफॉक्समध्ये मूळही चालतं. २०२३ पासून यूट्यूबनेही ॲडब्लॉकरवाल्यांना पाटी दाखवायला सुरुवात केली होती. ते तर गूगलचंच.

इथे मला कोलोनच्या त्या तीस टक्क्यांची आठवण येते. गूगलच्या जाहिरातबाजारात, ज्याला एडीएक्स म्हणतात, प्रत्येक सौद्यामागे गूगल साधारण वीस टक्के कापून घेतं. एप्रिल २०२५ मध्ये व्हर्जिनियाच्या संघीय न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला की प्रकाशकांच्या जाहिरात सर्व्हरच्या आणि लिलावाच्या या बाजारांत गूगलने बेकायदेशीरपणे मक्तेदारी टिकवली. तो कापला जाणारा वाटा त्या खटल्यात चर्चेचा मोठा विषय होता. स्प्रिंगरने इतकी वर्षं कोलोनच्या लहान नाक्याशी भांडण केलं. वाचकाने एकही जाहिरात अडवली नाही तरी प्रकाशकाच्या पैशातून कापला जाणारा हा वाटा रस्त्यावरच्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या नाक्यावर चालला होता.

जर्मनीतलं भांडण मात्र संपलेलं नाही. स्प्रिंगरने नवा दावा लावला, यावेळी कॉपीराइटचा. म्हणणं असं की आमच्या पानाची संहिता हा संगणक प्रोग्रॅम आहे आणि ॲडब्लॉकर वाचकाच्या यंत्राच्या स्मृतीत त्याचं रूप बदलतो, हा आमच्या परवानगीशिवाय केलेला फेरफार आहे. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २०२२ मध्ये दावा फेटाळला, २०२३ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही फेटाळला. पण ३१ जुलै २०२५ ला कार्ल्सरूहेने तो निकाल रद्द करून प्रकरण हॅम्बुर्गला परत पाठवलं. वाचकाच्या यंत्रात नेमकं काय तयार होतं, त्याला संरक्षण आहे का आणि त्यात बदल होतो का, हे नीट तपासा, असं सांगितलं. हा दावा उद्या मान्य झाला तर प्रश्न जाहिरातींपुरता राहणार नाही. अंधांना पान वाचून दाखवणारी साधनं आहेत, भाषांतर करून देणारी आहेत, अक्षर मोठं करणारी आहेत. पानाचं रूप वाचकाच्या यंत्रावर बदलणं हेच त्यांचंही काम. त्यांनी परवानगी कुणाची काढायची, हे मग हॅम्बुर्गच्या न्यायाधीशांना सांगावं लागेल. निकाल अजून यायचा आहे.

वेळ होत आलाय, आयोजक घड्याळ दाखवतायत. आता प्रश्न घेऊ.